नवसाचे शिंगरू

शिंगरू जेजुरीला पोहोचवायचे होते, एवढेच काम होते. चैत्री पौर्णिमा तोंडावर आली होती, शिवाची लॉरी ठरली होती, आणि माझा धाकटा चुलतभाऊ गंगाधर याने मला सोबत बोलावले होते. मी लोअर परळच्या गिरणीत साच्यांवर कापड विणणारा माणूस. घोड्यांतले मला काही कळत नाही. पण नवस फेडायला जाताना घरातले वडीलधारे माणूस बरोबर असावे अशी आमची रीत आहे, आणि रीत मी मोडत नाही.

गंगाधरचा तबेला लालबागला, दोन चाळींमधल्या बोळाच्या टोकाशी होता. त्याच्याजवळ एक व्हिक्टोरिया घोडागाडी होती आणि हरणी नावाची एक घोडी. हरणी गाभण असताना त्याचा मुलगा जगदीश विषमज्वराने अंथरुणाला खिळला. तेव्हा त्याची बायको बकुळा खंडोबाला बोलली होती की, पोर उठू दे, घोडीच्या पोटात आहे ते तुझे. पोर उठले. शिंगरूही जन्मले आणि वाढले. नवसाच्या जनावराला घरचे नाव द्यायचे नसते, म्हणून ते बिननावाचेच राहिले. त्याला चाबूक लावायचा नसतो, डोळ्यांवर फडके बांधायचे नसते, दोराने ओढून न्यायचे नसते. देवाकडे त्याने आपल्या पायांनी जायचे असते.

गंगाधरने मात्र नवस लांबवला. पुढच्या चैत्रात, असे म्हणून त्याने एक चैत्र घालवला. मग त्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, लालबागेत गोळीबार झाला, आणि गाडीला जुंपलेली हरणी भर रस्त्यात गोळी लागून मेली. पट्टे सोडवायला वेळच मिळाला नाही, असे गंगाधरने आम्हांला सांगितले होते. फाल्गुनात जगदीशला पुन्हा ताप भरला, तो उतरेचना. देवाचे देणे थकवल्याचे हे फळ आहे, याबद्दल बकुळेला शंका नव्हती. मलाही नव्हती.

आम्ही उन्हे उतरल्यावर शिंगरू चढवायला घेतले. उन्हात जनावर घामेजते, म्हणून ती वेळ निवडली होती. लॉरीची मागची बाजू उंचवट्याला टेकवून उभी केली होती, म्हणजे फळीला चढ कमी पडावा. फळीवर गोणपाट अंथरले होते, कारण पोकळ लाकडावर टाप वाजली की कोवळे जनावर बिचकते. आत गवत पसरले होते, भिजवलेले हरभरे आणि गूळ ठेवला होता. गंगाधर त्याच्या खांद्याजवळ उभा राहून हळू बोलत होता. शिंगरू फळीपर्यंत येई, नाक लावून हुंगे, आणि थरथरत मागे सरके.

“ओढू नका दादा,” गंगाधर मला म्हणाला. “मागे जायचं तर जाऊ द्या. आपण ओढलं की ते उलट ओढणार.”

शिवा मडगार्डवर बसून विडी ओढत होता. “घोडा आहे की नवरी रे?” तो म्हणाला. “उंबऱ्यावरच अडलाय. उखाणा घ्यायला सांग त्याला.”

“तू गप.”

“मी गपच आहे. भाडं चालू आहे ते बोलतंय.”

गंगाधरने कपाळाचा घाम पुसला. “एखादं जुनं जनावर पुढे चढलं की हे मागोमाग चढेल. एकट्याला नाही धीर होत त्याला.”

“मग शेजारच्या रामजीचा घोडा माग घटकाभर,” मी म्हणालो.

“तो नाही द्यायचा.”

“का?”

शिवा हसला. “अहो दादा, जानेवारीपासून एकही तबेलेवाला याला काडीपेटी देत नाय. घोडा कुठला देतायत!”

गंगाधरने त्याच्याकडे असे पाहिले की तो विडी टाकून उठला आणि नाक्यावर चहा प्यायला निघून गेला. धंद्यातले हेवेदावे असतील असे मी समजलो.

उजेड सरत चालला होता. गंगाधरचा धीरही सरत चालला होता. शेवटी त्याने खुंटीवरचा चाबूक काढला. त्याच क्षणी बकुळा दारात आली. तिच्या हातात भंडाऱ्याची वाटी होती.

“चाबूक उचललात तर माझ्या पोरावर उचललात,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “दादा, अंग तव्यासारखं तापलंय हो त्याचं. डोळे उघडत नाही. आज निघालंच पाहिजे.”

“निघू,” मी म्हणालो. “तू आत जा. देवाचं नाव घे.”

तिने शिंगराच्या कपाळाला भंडारा लावला आणि ती आत गेली. गंगाधरने चाबूक भिंतीला उभा केला. आम्ही दोघे आणि ते जनावर, एवढेच बोळाच्या टोकाशी उरलो. समोरच्या भिंतीवर डांबराने लिहिलेल्या घोषणा अंधारात विरघळत होत्या. कुठेतरी स्टोव्ह फरफरत होता, तो विझला.

आणि शिंगराची थरथर थांबली.

त्याने मान वळवली. दोन्ही कान बोळाच्या तोंडाकडे ताठ झाले. त्याच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघाला. दुधावरचे शिंगरू आईला पाहून काढते तसा. मी त्या दिशेला पाहिले. बोळ रिकामा होता.

मग टापा ऐकू आल्या. सावकाश, थकल्या पायांच्या. चार टापांतली एक वेगळी वाजत होती, नाल सैल झाल्यासारखी. त्या जवळ आल्या. माझ्या अंगावरून घामेजल्या कातडीचा आणि जुन्या चामड्याचा वास गेला, आणि त्याच्या मागोमाग बंदुकीच्या जळक्या दारूचा वास. टापा गंगाधरच्या समोर येऊन थांबल्या. तिथे काहीही नव्हते. पण गंगाधरच्या सदऱ्याची बाही हलली... जणू कुणी नाकपुडीने त्यावर श्वास सोडला.

“गंगाधर...” मी म्हणालो. “काय आहे हे?”

“हरणी.”

“रामाचं नाव घे.”

“ती हाताची वाट बघतेय, दादा.” तो म्हणाला. “गाडी सोडून जायचं असलं की आम्ही घोड्याच्या कपाळावर तळहात ठेवतो. पुन्हा हात ठेवीपर्यंत हलायचं नाही, अशी शिकवण असते. ती कधी हलली नाही. तोफा वाजल्या तरी...”

 मला विचारायचे नव्हते, पण विचारल्याशिवाय राहवेना.

“त्या दिवशी तू तिच्या कपाळावर हात ठेवला होतास?”

“गाडी मी बोळाच्या तोंडाशी आडवी लावली. पोलीस समोर होते. मी मागे... चाकाच्या मागे बसलो.” तो माझ्याकडे पाहत नव्हता. “पट्टे सोडवायला दोन क्षण लागले असते. होते माझ्याजवळ. पण ती हलली असती तर मी दिसलो असतो.”

रामजीने घोडा का दिला नसता, ते तेव्हा मला कळले. मी खाली पाहिले. जे आपण केलेले नाही, त्याचीही लाज वाटते. ती रक्ताच्या नात्याने येते.

“चढतंय का हो?” आतून बकुळेचा आवाज आला. त्यामागे पोराचे कण्हणे.

गंगाधरने दाराकडे पाहिले. भिंतीला टेकवलेल्या चाबकाकडे पाहिले. मग त्याने उजवा हात उचलला आणि रिकाम्या हवेवर, आपल्या छातीच्या उंचीला, तळहात टेकवला. हात टेकला, म्हणजे खरोखर टेकला. बोटे कशावर तरी पसरली.

“चढ, हरणी,” तो म्हणाला.

गोणपाट दबले. फळी वाकली आणि करकरली. टापा वर गेल्या, गवत खसखसले. आणि ज्याने आम्हांला संध्याकाळभर झुंजवले होते ते शिंगरू मान खाली घालून, कुणाच्या तरी शेपटीमागून चालावे तसे, सरळ वर चढले.

शिवा चहा पिऊन परतला. “चढला की!” तो म्हणाला. “उगाच नखरे करत होता.” त्याने फळी आत सरकवली आणि मागचा फळका लावून साखळी अडकवली.

मी त्याला थांबवू शकलो असतो. थांबवले नाही. जिवंतपणी जिला आम्ही आड उभी केली, तिला मेल्यावरही कामाला जुंपले. आणि मनात मी हिशेब केला की नवस मोडला नाही, चाबूक लागला नाही, देवाने बोल लावायला जागा उरली नाही. इतका हिशेबी धर्म मी पाळत होतो, हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हते.

मी आणि गंगाधर मागे, जनावराजवळ बसलो. परळ गेले, दादर आले. लॉरी खड्ड्यातून जाई तेव्हा कोवळ्या घोड्याने पाय आपटावेत, डोळे पांढरे करावेत. तसे काही झाले नाही. ते अगदी शांत होते. फक्त मधोमध उभे राहिले नाही. एका बाजूला, फळ्यांना अंग घासत उभे होते, आणि लॉरीची अर्धी जागा मोकळी सोडली होती. वळण आले की ते त्या मोकळ्या जागेकडे कलायचे, आणि पडायचे नाही. कशाला तरी टेकायचे.

मी नामस्मरण करत होतो. ओठ हलत होते, मन त्यात नव्हते.

दादरच्या पुढे जनावरांना पाणी पिण्यासाठी बांधलेली दगडी कुंडी होती. तिथे शिवाने गाडी थांबवली, बादली भरून वर दिली. गंगाधरने ती शिंगरापुढे ठेवली. दिवसभराचे तहानलेले ते जनावर. पण त्याने मान वर ओढून घेतली आणि एक पाऊल मागे सरले. बादलीत तोंड घातल्यासारखा आवाज झाला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पाण्यावर पडला होता. ते पाणी माझ्या डोळ्यांदेखत खाली गेले, अर्ध्यावर आले. मग आवाज थांबला. तेव्हा कुठे शिंगराने मान खाली केली आणि उरलेले पाणी प्यायले.

“फळका उघड,” मी गंगाधरला म्हणालो. “हात ठेव तिच्यावर. तिला जा म्हण.”

त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले. “ती उतरली आणि हे पुन्हा बिथरलं तर? अजून सगळा घाट आहे, दादा.”

“तिचं काय?”

“जेजुरीला सोडतो. देवाच्या दारात सोडतो. आईशपथ.”

जगदीशचे कण्हणे मला आठवले. मी फळक्याकडे पाठ केली. शिवाने बादली काढून घेतली.

सकाळी जेजुरीला पोहोचलो. फळी लावली तसे शिंगरू आपल्या पायांनी उतरले. यात्रेची गर्दी उसळली होती, भंडाऱ्याने माणसे पिवळी झाली होती. गुरवाने दोर हातात घेतला, जनावराच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “गुणाचं आहे. किती शांत आलंय!” लोकांनी येळकोट केला. शिंगरू पायऱ्यांपाशी थांबले आणि मागे वळून लॉरीकडे पाहू लागले.

मी गंगाधरच्या पाठीला हात लावला. “आता.”

तो लॉरीजवळ गेला. फळीसमोर उभा राहिला. आजूबाजूला मुले, बायाबापड्या, वाघ्ये; सगळे नवसाच्या घोड्याच्या धन्याकडे कौतुकाने पाहत होते. त्याने हात थोडा उचलला, आणि सदऱ्याची गुंडी चाचपत खाली घेतला. चारचौघांत रिकाम्या हवेवर हात ठेवायची त्याला लाज वाटली. जिथे वाटायला हवी होती तिथे ती वाटली नव्हती.

त्याने स्वतः फळका लावला. मी पाहिले, आणि रात्री निघताना आम्ही दोघे पुढे शिवाशेजारी जाऊन बसलो.

परतताना घाटात शिवा सारखा कुरकुरत होता. “रिकामी गाडी, उतार, आणि तरी मागून ढकलतेय बघा. वळणाला वजन सरकतंय. काय दगड भरलेत काय देवाचे?”

आम्ही दोघेही रस्त्याकडे पाहत राहिलो.

लालबागेत पोहोचलो तेव्हा उन्हे वर आली होती. बकुळा बोळातच उभी होती. तिचा चेहरा पाहूनच बातमी कळली. “घाम फुटला पोराला,” ती रडत, हसत म्हणाली. “पहाटे पेज मागितली त्याने. पावला हो देव, दादा.” ती माझ्या पाया पडली. मला पाय मागे घ्यावेसे वाटले.

शिवाने झाडून घ्यायला मागचा फळका पाडला, आणि तो ओरडला.

“ए गंगाधर! हे काय रे? घोडा काल उतरवलास ना?”

गवतावर लीद पडली होती. ताजी. सकाळच्या उन्हात तिच्यातून वाफ निघत होती.

गंगाधरने त्याच्या हातातला झाडू घेतला आणि तो वर चढला. मी खाली उभा राहून पाहत होतो. त्याने मान वर केली नाही. कोपऱ्यापासून झाडायला सुरुवात केली, लीद एका बाजूला केली. मग पलीकडच्या कोपऱ्याकडे जायला निघाला. लॉरी पूर्ण रिकामी होती, सरळ चालत जाता आले असते. तो तसा गेला नाही. पोट आत घेऊन, फळ्यांना पाठ घासत, उभ्या जनावराला वळसा घालून माणूस जातो तसा तो कडेकडेने सरकत गेला.