केळीच्या खोलीतला चेलो

ओसरीवर ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि रोहिणीच्या हातातला चहाचा कप जागीच थबकला... तो आवाज तिच्या काळजाच्या ओळखीचा होता! धावत जाऊन बघते तो काय, तिचा चेलो, व्हायोलिनचा तो थोराड भाऊ, भिंतीला टेकून उभा आणि त्याच्या काठाचा सांधा चांगला वीतभर उकललेला. संध्याकाळी धुळ्याला कार्यक्रम, खानदेशातला तिचा एकटीचा पहिलाच, आणि वाद्याची ही दशा!

“याला कुणी हात लावला?” उकललेल्या फटीवरून बोट फिरवत तिनं विचारलं.

भाईदास आबा खाटेवर मान खाली घालून बसले होते. फैजपुरातले केळीचे जाणते बागायतदार, पण लेकीशी तीन वर्षांत कामापुरतंच बोललेले. मुंबईच्या वाद्यवृंदातली पक्की जागा सोडून ती परतली तेव्हा ‘तिथं जमलं नाही’ एवढंच तिनं सांगितलं होतं. आबांनी ते खरं मानलं आणि पोरगी हरून आली हे शल्य मनात धरून बसले. ती रोज जळगावला जाऊन मुलांना चेलो शिकवायची, पुण्या-नाशकाला वाजवून यायची. आबा एकदाही ऐकायला गेले नाहीत. धुळ्याला तिनं त्यांच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची मागून ठेवली होती. तीही रिकामीच राहणार, हे ती मनोमन जाणून होती.

“म्या ठेवला व्हता,” आबा हळूच म्हणाले. “केयीच्या खोलीत.”

मग सगळं उलगडलं. मे महिन्याचं ऊन पंचेचाळिसाला टेकलेलं, आणि लेक दोन दिवस ओली फडकी घेऊन वाद्याभोवती घिरट्या घालतेय, हे आबा मुकाट्यानं बघत होते. काल तिचा सराव संपल्यावर त्यांनी चेलो पेटीतून काढला, एका हातानं छातीशी कवटाळला आणि केळी पिकवायच्या थंडगार, दमट खोलीत क्रेटांच्या मधोमध नेऊन ठेवला! सकाळी पुसून ओसरीवर आणला. रात्रभरच्या ओलीनं लाकूड जोडणारा सरस ढिला झाला होता, बाहेरच्या झळीनं सांधा सुटला. केळीला जे मानवतं ते चेलोलाही मानवेल, असं बिचारे धरून चालले होते.

रोहिणीची आई सुगंधाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तीन वर्षं पोटात ठेवलेलं आज त्यांच्या तोंडून निघालंच.

“हरून नही आली ते. तुम्हाले झटका आला, डावा हात गेला, म्हून आली. मले शपथ घातली व्हती, आबाले सांगू नको, ते खचतीन.”

आबा खाटेवरून उठून लेकीजवळ आले. आपण ज्या लेकीला हरलेली म्हणत होतो, तिनं आपल्यासाठी स्वतःचं सगळं गाणं ओवाळून टाकलं होतं! त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “आन म्या तुही वस्तूबी मोडली, पोरी...”

रोहिणीनं डोळे पुसले आणि ती चक्क हसली. “मोडली नाही, आबा. याचा सरस मुद्दामच हलका लावतात. ताण आला की सांधा सुटतो, लाकूड फुटत नाही. कारागीर जोडून देईल, होता तसा वाजेल.”

पण ते संध्याकाळपर्यंत होणारं नव्हतं, म्हणून रोहिणीनं एक फोन केला आणि आई-आबांना गाडीत घेऊन ती निघाली. जळगावला तिची शिष्या भाविका आपला चेलो घेऊन रस्त्यावरच उभी होती. त्याच्यावर सूर्यफुलाचं स्टिकर होतं, ते काढू नका असं तिनं बाईंना बजावून सांगितलं. धुळ्यापर्यंत मागच्या सीटवर तो आबांनीच धरला, पण हात लावण्याआधी याला काय चालतं, काय नाही, हे त्यांनी तीन-तीनदा विचारून घेतलं. सुगंधाबाईंना हसू आवरेना.

सूर्यफुलाचा तो चेलो रोहिणीनं त्या संध्याकाळी जीव ओतून वाजवला. शेवटचा सूर विरला, सभागृह टाळ्यांनी दणाणलं आणि तिची नजर पहिल्या रांगेकडे गेली. आबांच्या डाव्या हातात बळ नव्हतं. म्हणून त्यांनी शेजारी बसलेल्या सुगंधाबाईंचा तळहात पुढे ओढून घेतला होता आणि आपल्या उजव्या हातानं त्यावर टाळ्या वाजवत होते.