माझ्यामागून म्हणा

हे घडलेलं आहे. माझ्याच बाबतीत घडलेलं आहे. मी इंग्रजीची शिक्षिका. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात आयुष्य गेलं, थापा मारायला मला कधी जमलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. अमेरिकेत, लेक सुपीरियर नावाच्या अफाट सरोवरातलं एक लहानसं बेट. नाव सांगत नाही. तिथे अजून मुलं शिकतात.

तिकडच्या खेड्यांत शिक्षक मिळत नाहीत, म्हणून बाहेरून बोलावतात. मी नागपूरहून गेले. "गोऱ्यांना इंग्रजी शिकवायला चाललीस?" म्हणून सगळ्यांनी चिडवून घेतलं. जाताना वाटेत तिकडच्याच ईडन प्रेरी गावात माझ्या सुचित्राकाकूंकडे उतरले होते, तर त्या म्हणाल्या, "अगं, तिथे साधं इंडियन ग्रोसरी नाही. विंटरमध्ये फेरीबोट पण बंद पडते. कशी मॅनेज करणार तू?"

केलं मॅनेज. डाळ-तांदूळ नागपूरहूनच भरून नेले होते. बेटावरची माणसं भली. प्रत्येक गाडीवाला हात करायचा, शेजारीण घरी केलेला ब्रेड आणून द्यायची. नवरा चारुदत्त आणि माझी नऊ वर्षांची नैना नाताळात माझ्याकडे राहायला येणार होते. मी त्याच आनंदात होते.

फक्त एक गोष्ट खटकायची.

मी किती दिवस राहणार, हे मला तिथे कुणीच विचारलं नाही.

शाळा म्हणजे एक मोठी खोली आणि सगळी मिळून नऊ मुलं. वाचायला सांगितलं की नुसती पुटपुटायची. शेवटी मी आपली नागपूरची पद्धत काढली. मी एक ओळ म्हणायची, वर्गाने माझ्यामागून म्हणायची. मोठ्याने.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पण म्हणाली.

त्यांचं म्हणून झालं... आणि मागून अजून एक आवाज आला.

तीच ओळ. जरा उशिरा. बारीक, चाचपडत. आणि उच्चार थेट माझे.

मी फळ्याकडे तोंड करून होते. पाठ वळलेली असताना कोण बोललं, हे मला आवाजावरून कळतं. सोळा वर्षांची सवय आहे. हा आवाज काही ओळखू येईना. पण कोणीतरी माझी नक्कल करतंय, एवढं कळलं. मी रागाने वळले.

एकही मूल हसत नव्हतं.

नक्कल करणारी मुलं हसतात. दाबून का होईना, हसतातच. ही सगळी माना खाली घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी तोंड वर्गाकडेच ठेवलं. ओळ म्हटली. सगळी तोंडं उघडली, सगळी मिटली. आणि मग...

कोट टांगायच्या खुंट्यांकडून ती ओळ पुन्हा आली.

तिथे फक्त कोट होते.

"कोण आहे तिकडे?"

हॅटी नावाची मोठी मुलगी मान वर न करता म्हणाली, "मिस, आम्ही इथे मनातच वाचतो."

मुख्याध्यापिका डोरीनही तेच म्हणाली. "मुलांना सायलेंट रीडिंगच करू दे. प्लीज. तुझ्या आधीच्या टीचरलाही मी सांगितलं होतं."

"त्या का गेल्या?"

"यंदा बर्फ लवकर पडणार असं दिसतंय," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

माझं डोकं सणकलं. मला वाटलं, माझे उच्चार यांना नकोत. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून कुठेतरी स्पीकर लपवलाय. शाळा सुटल्यावर मी कोट झाडले, भिंत ठोकून पाहिली, खुंट्या हलवून पाहिल्या. काही नाही. मग मी मुद्दाम अजून मोठ्याने म्हणून घ्यायला लागले.

तो आवाज रोज सुधारत गेला.

चाचपडणं संपलं. उशीर कमी होत गेला. मग तो माझ्याबरोबरच म्हणायला लागला.

एका शुक्रवारी मी पुस्तक उघडलं. तोंड उघडणार, तेवढ्यात...

ओळ ऐकू आली. माझ्या आवाजात.

आणि सगळ्या मुलांनी ती मागून म्हटली.

शनिवारी सकाळी मी फेरीच्या धक्क्यावर गेले. एरवी मी घरी फोन रिकाम्या वर्गातूनच करायचे, रोज सकाळी, शाळा भरायच्या आधी. धड वायफाय तिथेच होतं. माझा लॅपटॉपही तिथेच पडलेला असायचा. पण आज त्या वर्गात पाऊल टाकायची माझी छाती नव्हती. धक्क्यावर मोबाईलला थोडी रेंज यायची.

"चारू, तिकिटं कॅन्सल कर. नैनाला इथे आणायचं नाही. मीच परत येतेय."

तो म्हणाला, "अगं, बरी आहेस ना? आत्ताच तर म्हणालीस, नाताळपर्यंत थांबू नका, पुढच्याच आठवड्यात निघा."

"कोण म्हणालं?"

"तूच. लॅपटॉपवरून कॉल केलास ना? व्हिडिओ बंद होता. नैनाशी किती वेळ बोलत होतीस. काहीबाही म्हणून घेत होतीस तिच्याकडून."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत कशाला? मराठीत."

बेटावर मराठी येणारी मी एकटीच होते. पण त्या रिकाम्या वर्गात मी रोज सकाळी मराठीच बोलत होते.

"नैनाला दे!" मी ओरडलेच.

नैना फोनवर आली.

"बाळा, ऐक. तू इकडे यायचं नाही. आई सांगतेय ना?"

ती कुजबुजली,

"तू ती दुसरी आहेस ना?"

"कोण दुसरी?"

"आईने सांगितलंय. आता दुसरी एक बाई फोन करेल. येऊ नको म्हणेल. तिचं ऐकायचं नाही."

आणि तिने फोन कट केला.

मी समोर लागलेल्या फेरीत तशीच चढले. पासपोर्ट पर्समध्ये होता, बाकी सामान अजून तिथेच आहे. पलीकडे उतरल्यावर व्हिडिओ कॉल करून तोंड दाखवलं, तेव्हा कुठे चारुदत्तला पटलं. नैनाला पटलं की नाही, मला माहीत नाही. मी अचानक का गेले, हे शाळेने आजवर विचारलेलं नाही.

आता मी नागपुरात आहे. नैना माझ्याकडून वेणी घालून घेते, कुशीत झोपते. पण मी आतून हाक मारली तर ओ देत नाही. आधी दारात येऊन उभी राहते, मला नीट बघते, मग म्हणते, "काय गं?"

परवा दुपारीही अशीच आली. बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मग काही न विचारता परत हॉलमध्ये गेली.

मी हाक मारलीच नव्हती.