नावातलं जिरं

सून नवीन असली की आमच्याकडे ती सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडते आणि सासूपुढे वाकून सलाम करते. मुअत्तर झाडायची स्वच्छ, वाकायचीही नीट, पण त्यानंतर कॉम्प्युटरपुढे जी बसायची ती मी तंदुरातल्या रोट्या काढून हाक मारेपर्यंत. शेजारणी कुचकटपणे विचारायच्या, "हनीफा-आपा, तुमची सून दिवसभर टकटक करून करते तरी काय?"

"यंत्राला शहाणं करते," मी म्हणायची. "तुमच्या सुनांना म्हणावं, नवऱ्यांपासून सुरुवात करा."

आमचं घर मार्गिलानला, कुमतेपा बाजाराच्या मागच्या गल्लीत. दारावरून पाण्याचा पाट वाहतो. अंगणात तुतीचं झाड, त्याखाली लाकडी बैठक, आणि कडेच्या खोलीत माझ्या लेकाचा माग. सकाळपासून धोट्याची खटखट चालू असायची. त्या आवाजाची इतकी सवय की तो ऐकूच यायचा नाही.

गल्लीच्या तोंडाशी दवाखाना आहे. तिथं रांगेतल्या माणसांना नावानं बोलवायला खांबावर भोंगा लावला, आणि भोंग्याला शिकवायचं काम मुअत्तरकडे आलं. अख्ख्या मोहल्ल्याची नावं तिनं त्यात भरली. पहिल्याच सकाळी भोंगा म्हणाला, "ओ…" आणि गप्प झाला. तो पुन्हा चालू होईना.

बोलावणं होतं ओल्मस-बोबोंचं. म्हातारा गल्लीतल्या सगळ्यांहून थोरला, दात एकही नाही, वाळका जर्दाळू गालात धरून उन्हात बसलेला. घरी जाताना आमच्या दारात थांबून म्हणाला, "आधी वरचा मला बोलवायला विसरला, आता यंत्रही विसरलं. सुनेला सांग, मला राग नाही."

मुअत्तरनं मला पडद्यावर दाखवलं. मी शिकले चार इयत्ता, त्याही रशियन वळणाच्या अक्षरांत. तेव्हा आमच्या ह्या 'ओ'च्या डोक्यावर टोपी असायची. पुढे रशियाचं राज्य गेलं तशी सरकारनं अक्षरं बदलली, टोपी काढली आणि शेजारी एक बारीक खूण ठेवली, पुलावातल्या जिऱ्याएवढी.

"हे जिरं नडतंय, ओयीजान," ती म्हणाली. सासूला ती आईच म्हणायची, आमच्या रीतीप्रमाणे. "दोन जिऱ्यांच्या मध्ये जे ठेवाल ते यंत्राला नुसतं बोलणं. जिऱ्याच्या बाहेर जे असेल तो हुकूम. नावातच जिरं आलं की त्याला वाटतं बोलणं संपलं. मग उरलेलं नाव ते हुकूम म्हणून पाळायला बघतं आणि अडकतं."

"मग आता?"

"सगळ्यांच्या नावांत जिऱ्याच्या आधी एक मागे कललेली काठी उभी करायची. काठी बघितली की यंत्राला कळतं, हे जिरं नावाचंच आहे. पुढं वाच, पाळू नको."

"तुझं यंत्र पहिल्यांदा बरोबर होतं," मी म्हटलं. "आमची नावं हुकूमच असतात, पोरी."

माझी आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरा झाला तेव्हा माझ्या सासूनं त्याच्या कानात नाव सांगितलं नाही, दटावलं त्याला. तोख्तासिन. थांबो, राहो. आणि तो राहिला. गल्लीतली सगळी पोरं रशियात बांधकामावर गेली. माझा मागावर बसून रेशीम विणत राहिला. ओल्मस म्हणजे न मरणारा. कोपऱ्यावरची तुर्गुनोय, तिच्या आधीच्या बहिणी गेल्या म्हणून तिचं नाव टिकून राहणारी.

मुअत्तर तोंडावर ओढणी धरून हसली. "आता नाही हुकूम, ओयीजान. आता नुसतं बोलणं."

दुसऱ्या दिवशी भोंग्यानं ओल्मस-बोबोंचं नाव अख्खं घेतलं, सपाट आवाजात, भाजीचं नाव घ्यावं तसं. बोबो आत गेले, रक्तदाब बघायला हात पुढे केला, आणि खुर्चीतच मान टाकली. त्यांना माती देऊन आल्यावर मी पुलाव शिजवला, लोकांना वाढला. वय होतं त्यांचं. मी काही उगाच शंका काढणारी बाई नाही.

मग भोंग्यानं तुर्गुनोयला बोलावलं, सर्दीच्या औषधाला. तुर्गुनोय लग्न होऊन आली तेव्हापासून कालव्याचा पूल ओलांडून पलीकडे गेली नव्हती. त्या दुपारी तिची सासू माझ्याकडे आली. दार उघडं, कणीक फुगून परातीबाहेर आलेली, बाईचा पत्ता नाही. कोणीतरी तिला बसमध्ये बघितलं होतं. हातात काही नव्हतं, रडतही नव्हती म्हणे.

मी घरी आले. अंगणात उभी राहिले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. माग बंद होता.

तोख्तासिन बैठकीवर बसून बॅगेत कपडे भरत होता.

"रशियात समाराला माणसं हवीत, ओयी. मी जाऊन येतो."

"इथं काय कमी आहे तुला?"

"कमी काही नाही." त्यानं बॅगेची चेन ओढली. "इतकी वर्षं मला जावंसं का वाटलं नाही, तेच कळत नाही."

गल्लीत किती बायांना मी सांगितलं होतं, लेक कसा ठेवावा ते माझ्याकडून शिका. रशियातून एखादा परत येतो, एखाद्याची पेटी येते. मी मुअत्तरच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"काठी काढ."

"कुठली?"

"तुला ठाऊक आहे कुठली. त्याच्या नावातली."

ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. "सगळं बंद पडेल. आजारी माणसं खोळंबतील."

"तापलेली थोडी आणखी तापतील."

"तुम्ही असलं काही मानता, ओयीजान?"

"मानत नाही. काढ."

नवरा जायला तिलाही नकोच होता. एकदाच टक वाजलं.

प्रवासाला तब्येतीचा दाखला लागतो. सकाळी तोख्तासिन दवाखान्यात गेला, मी मागोमाग. ओसरीत बाक होते, बाकांवर बायका, मांडीवर पोरं, फिनेलचा वास. मी भिंतीशी उभी राहिले. त्यानं मला बघितलं आणि लहानपणी हसायचा तसा हसला.

भोंगा खरखरला.

"तो…"

मग काही नाही.

नर्स बाहेर येऊन खांबाकडे बघू लागली. एक बाई म्हणाली, "पडलं पुन्हा बंद." सगळ्यांच्या माना वर होत्या.

तोख्तासिन बाकावरून उठता उठता तसाच राहिला होता. एक हात गुडघ्यावर. तोंडावर ते हसू.

मी जाऊन त्याचं कोपर धरलं. धरल्यावर तो उभा राहिला. ओढल्यावर चालला.

घरी मी त्याला बैठकीवर बसवलं. "जाणार आहेस का रे?"

"नाही, ओयी."

"चहा घेशील?"

"नाही, ओयी."

मुअत्तरनं दुपारीच काठी परत उभी केली. दवाखान्यातल्यांना काहीबाही सांगून तिनं भोंग्याला त्याचं नाव पुन्हा पुन्हा घ्यायला लावलं. तोख्तासिन. तोख्तासिन. अख्खं, स्वच्छ, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो. तो तुतीच्या झाडाकडे बघत होता.

मुअत्तर थंडीपर्यंत राहिली. मग माहेरी, कोकंदला गेली. निघताना त्याच्यापुढे बसून म्हणाली, "मी परत येऊ ना?"

"नाही, ओयी," तो तिला म्हणाला.

आता मी रोट्या मोजक्याच लावते. शेजारणी दारावरून जाताना डोकावतात. "नशीबवान तुम्ही, हनीफा-आपा. लेक डोळ्यांसमोर आहे."

"आहेच," मी म्हणते.

तुतीची पानं गळली, पुन्हा फुटली. दवाखान्यात गेला त्या सकाळी त्यानं दाढी केली होती. मी रोज उठले की त्याच्या गालावरून हात फिरवते. गाल अजून गुळगुळीत आहे, आणि कानामागे साबणाचा थोडा फेस राहिला आहे, ओला.