कानाने मोजलेले बावन्न

बसा. ती खुर्ची जरा डुगडुगते, पण आजवर कुणाला पाडलेलं नाही तिने. बाहेर अंधारून आलंय, टेबलावरचा हा दिवा राहू दे चालू. मोठा लावला की माझं डोकं उठतं.

या मोसमात कोण जिंकणार, कोण तळाला जाणार, हे तुम्हाला छापायचंय. दरवर्षी मीच सांगायचो. क्लबचा आकडेवाला म्हणून सव्वीस वर्षं हेच केलं मी. बास्केटबॉल कधी खेळलो नाही, उंचीच्या नावाने आनंदीआनंद. पण कुठला खेळाडू किती मिनिटं टिकेल, लांबच्या प्रवासानंतर कोण ढेपाळेल, हे मी मोसमाआधी लिहून द्यायचो आणि बहुतेक तसंच व्हायचं. या वर्षी नाही सांगणार. का, ते सांगतो. छापू नका, एवढंच.

गेल्या वर्षी मोसमाला पंधरा दिवस होते. कॉम्प्युटरचं काम आटोपलं होतं आणि एकच काम उरलं होतं, कप्तानाचे बावन्न फ्री थ्रो.

ही माझ्या आधीच्या आकडेवाल्याची पद्धत. गुरुजी म्हणायचे सगळे त्याला. संघाचे बावन्न सामने, म्हणून कप्तानाने रिकाम्या हॉलमध्ये रेषेवर उभं राहून बावन्न फ्री थ्रो टाकायचे. आत गेला तर तो सामना जिंकणार, बाहेर गेला तर हरणार. आणि मोजणाऱ्याने रिंगकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचं. कानाने मोजायचं. गुरुजी म्हणायचे, "बघितलंस की मनातल्या मनात चेंडू ढकलतोस. कानाला नातंगोतं नसतं." मी हसायचो, कॉम्प्युटर असताना हे कसले चाळे म्हणायचो. पण कॉम्प्युटर दहा सामने चुकायचा आणि कागद चार. हे मी कधी कुणाला बोललो नाही.

आमचा कप्तान म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी तिला छोटी म्हणतो, आता चाळिशीला आली तरी. कप्तान सदतीसचा, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, यावरून घरात कायम चेष्टा. देवमाणूस हो. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला उचलून खुर्चीत बसवायचं काम त्यानेच केलं. हा त्याचा शेवटचा मोसम होता आणि त्यासाठी तो सहा महिने घाम गाळत होता.

दुपारची वेळ होती. हॉलला खिडक्या नाहीत, त्यामुळे आत दुपार काय नि संध्याकाळ काय. वीज वाचवायची म्हणून रिंगवरचा एकच दिवा लावलेला. आदल्या आठवड्यात लाकडी फरशीला नवं पॉलिश केलं होतं, त्याचा घशात बसणारा वास. मी भिंतीला तोंड करून बसलो, मांडीवर कागद. मागून कप्तान म्हणाला, "दादा, करू का सुरुवात?" मी हात वर केला. त्यानंतर बोलायचं नाही, असा नियम.

त्याची लकब मला पाठ होती. तीन टप्पे, एक श्वास, मग चेंडू. जाळीतून गेला की नुसतं 'सळ्'. रिंगला आपटला की 'ठण्ण'. मग नव्या पॉलिशवर बुटांची चिरचिर, चेंडू आणायला जातानाची. मी रेघा मारत होतो. आत गेला की उभी, चुकला की आडवी.

तिसाच्या आसपास जरा वेळ गेला. दम खात असेल म्हटलं. मग पुन्हा टप्पा. एकच. त्यानंतर बराच वेळ काही नाही... आणि मग सळ्.

पुन्हा एक टप्पा. शांतता. सळ्.

थकलाय बिचारा, लकब बदलली, असं मी स्वतःला सांगितलं. पण मानेवरचे केस उभे राहिले होते, आणि का ते काही केल्या कळेना. कळलं ते बऱ्याच वेळाने. बुटांचा आवाज नव्हता. चेंडू जाळीतून पडत होता आणि तो आणायला कुणी जात नव्हतं. तरी पुढचा टप्पा वाजतच होता.

मी वळलो नाही. नियम होता म्हणून, असं मी कुणालाही सांगितलं असतं. खरं म्हणजे माझी छाती झाली नाही.

बावन्न रेघा झाल्या आणि आवाज थांबला. मी उठून वळलो तर कोर्टवर कुणीच नाही. चेंडू फ्री थ्रोच्या रेषेवर, अगदी मधोमध ठेवलेला. मी जवळजवळ धावतच बाहेर पडलो. बोळात चहाच्या मशीनला टेकून कप्तान उभा, फोन कानाला.

"दादा, सॉरी हं," फोन ठेवत तो म्हणाला. "एकोणतीस झाले आणि छोटीचा फोन आला. तुमचं मोजणं मोडू नये म्हणून हळूच बाहेर आलो. उरलेले तेवीस आता टाकतो, चला."

"नको," मी म्हणालो. "झालं काम."

"झालं? असं कसं?"

"झालं म्हटलं ना! घरी जा."

मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

मग मोसम सुरू झाला. पहिली रेघ उभी, पहिला सामना जिंकलो. दुसरी उभी, दुसराही. तिसरी आडवी, त्या दिवशी तळाच्या संघाने आम्हाला लोळवलं. पाच झाले, दहा झाले, वीस झाले. एकही रेघ खोटी पडली नाही. गुरुजींच्या कागदालाही चार चुका असायच्या हो, याला एक नाही. एकोणतीसपर्यंतच्या रेघा कप्तानाच्या हातच्या. पुढच्या तेवीस, सगळ्या उभ्या, त्या कुणाच्या? आणि तिसाव्या सामन्यात तो हात कोर्टवर आला, तर कप्तान तेव्हा कुठे असणार?

माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र येई. कप्तान कोर्टवर छाती धरून कोसळलाय आणि छोटी बाकांवरून धावत खाली येतेय. जेवण जाईना, झोप येईना. शेवटी मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. खोटा आकडा लिहिला. कप्तानाचा उजवा गुडघा तिसाव्या सामन्यापासून दगा देणार, त्याला आधीच थांबवा, असा अहवाल कोचच्या टेबलावर ठेवला. तो कोर्टवर नसेल तर कोर्टवर मरणार कसा, एवढाच माझा हिशोब.

कोचने दोनदा वाचला. "गुडघा तर ठणठणीत दिसतो," तो म्हणाला. "पण तुझा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." एकोणतिसाव्या सामन्यानंतर कप्तानाला संघातून काढलं आणि दुसऱ्या शहरातून एक चोविशीचा खेळाडू आणला. आम्ही त्याला 'नवा' म्हणायचो.

छोटी माझ्या ऑफिसात आली. बसलीसुद्धा नाही. "दादा, तू लिहिलंस?"

"लिहिलं."

"शेवटचा मोसम होता त्यांचा. तुला काय म्हणून त्यांच्या अन्नात माती कालवावीशी वाटली?"

काय सांगणार, भुताने चेंडू टाकले म्हणून? ती गेली आणि मी दार लावून रडलो, लाज कसली सांगायला. पण तिसावा सामना झाला आणि कप्तान घरी सोफ्यावर जिवंत होता. शिव्या खाईन, पण बहिणीचा संसार वाचला, असं म्हणून त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

त्या सामन्यात नव्याला फ्री थ्रो मिळाला तेव्हा मी कागदात डोकं खुपसून बसलो होतो. एक टप्पा. मग काहीच नाही, प्रेक्षक चुळबुळायला लागले इतका वेळ. मग सळ्.

आम्ही जिंकायला लागलो. ओळीने. गावभर कौतुक, तुमच्या पेपरने 'चमत्कार' म्हणून छापलं. एक्केचाळिसावा सामना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीचा फोन आला. इतक्या दिवसांत पहिला.

"दादा, ह्यांच्या तळहाताला फोड आलेत. चेंडूला हात लावून महिना उलटला रे."

"काही उचललं असेल..."

"दर सामन्याच्या दुसऱ्या दिवशी येतात. सामन्याच्या वेळी खुर्चीत बसलेले असतात आणि घामाने निथळतात. बारा किलो उतरलेत. डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल." तिचा आवाज खाली आला. "आणि बोटांना वास येतो... पॉलिशचा."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, हेच जास्त लागलं.

"तुझा कागद संपतो कधी?"

"बावन्नला."

"म्हणजे अजून अकरा," ती म्हणाली. "तेवढे काढतील ते. काढायलाच हवेत."

मग आम्ही भावंडं सामने मोजू लागलो. मी हॉलमध्ये, ती घरी. कप्तानाला आता उठायला आधार लागायचा. पण मोजता मोजता माझ्या ध्यानात आलं की बावन्नावा जिंकला तर संघ बाद फेरीत जातो. पुढे आणखी सामने, ज्यांचा कुठल्याच कागदावर शेवट नाही. हरलो, तरच मोसम तिथे संपणार होता. सव्वीस वर्षं ज्या क्लबचं मीठ खाल्लं, तो हरावा म्हणून मी हात जोडत होतो.

बावन्नाव्या सामन्याच्या दिवशी मी नव्याला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. तो बुटांच्या नाड्या बांधत होता. "आज फ्री थ्रो मिळाला, तर चुकव," मी म्हणालो. वाटलं, हसेल, कोचला सांगेल.

त्याने वर पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "मी टाकतच नाही हो ते," तो कुजबुजला. "रेषेवर उभा राहिलो की कानाशी एक टप्पा वाजतो. मी नाही मारत तो. मग हात उठतो... तुम्हाला कसं कळलं?"

"एका माणसाचा जीव जातोय त्यात."

त्याने नाडीची गाठ घट्ट ओढली. "चुकवतो," म्हणाला. "आईशप्पथ चुकवतो."

शेवटचे तीन सेकंद होते, आम्ही एका गुणाने मागे, आणि फ्री थ्रो मिळाले दोन. नव्याला. दोन्ही चुकले की संपलं. हॉल असा चिडीचूप झाला की दिव्यांची गुणगुण ऐकू यावी. नव्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मी या वेळी पाठ केली नाही, डोळे ताणून बघत होतो. त्याने चेंडू सरळ कडेला भिरकावला, शेंबडं पोरही टाकणार नाही असा. चेंडू रिंगच्या बाहेरच्या कडेवर आपटला, उंच उडाला, थांबल्यासारखा झाला आणि आत पडला.

लोक नाचायला लागले. नव्याचा चेहरा पांढराफटक. दुसऱ्या वेळी तो रेषेवर उभा राहिला, त्याने रिंगकडे चक्क पाठ केली आणि डाव्या हाताने चेंडू डोक्यावरून मागे फेकून दिला. कोच किंचाळला. चेंडू कशालाही न लागता जाळीतून गेला.

सळ्.

त्या गदारोळात मी कसाबसा खाली उतरलो, तळघरातल्या सामानाच्या खोलीत शिरलो आणि जाड दार आतून लावून घेतलं. आवाज तुटला. माझाच श्वास तेवढा ऐकू येत होता. छोटीला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"दादा..."

"कसे आहेत?"

"हात वर केला होता त्यांनी. दोनदा. दुसऱ्यांदा केला तो खाली आलाच नाही... तसाच वर आहे. मी धरून बघितला. गार आहे रे, दादा. गार पडलेत हे." ती रडत नव्हती. कुणाला ऐकू जाईल अशा भीतीने बोलत होती. "आधी तुझ्याकडचा तो आवाज बंद कर ना. मला काही सुचत नाहीये."

"कसला आवाज? मी खोलीत आहे, दार लावून. इथे कुणी नाही, छोटी."

पलीकडे ती एकदम गप्प झाली. मग मलाही ऐकू आलं, तिच्या मागून, लांबून, भरलेल्या हॉलसारखं.

"दादा," ती म्हणाली, "टीव्ही मी लावलेलाच नाही... मग आमच्या घरात टाळ्या कोण वाजवतंय?"