फोटोच्या काचेवरचे ओठ

"काका, मुका घेणारा माणूस पकडता येतो का हो?"

दाराआड टकळीचे दोस्त, लंबू आणि चिमणी, तोंड दाबून हसायला लागले. ती हे विचारणारच नाही अशी पैज त्यांनीच लावली होती! पण गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही पुटपुटणारी टकळी आता कुणाच्या बापाला भीत नव्हती.

पोलिसांच्या ठसे तपासायच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "येतो की! ओठांवरच्या बारीक रेघा ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात. का गं, कुणाचा मुका चोरीला गेलाय?"

टकळीने पाठीमागे लपवलेली फ्रेम पुढे केली. ताईचा फोटो! बाबांशी भांडून ताई घर सोडून गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून फोटो कपाटात आणि घरात तिचं नाव काढायची बंदी. "बाबांना माझी आठवण येते असं कळलं, तरच येईन," ताई फोनवर एवढंच म्हणायची. तिच्याशिवाय सुट्टीत घर नुसतं खायला उठायचं. आणि आज कपाट आवरताना या काचेवर ओठांचा ठसा दिसला होता.

काकांनी वरवर नजर टाकली. "किती नाजूक ओठ! बाईचेच. तुझी आई, दुसरं कोण?" आणि ते वामकुक्षीला गेले.

टकळीचा चेहरा पडला. आईला आठवण येते हे ताईलाही ठाऊक होतं!

"यांनी भिंग तरी कुठं लावलं?" चिमणी कुजबुजली.

झालं! आई-बाबांची जेवणं उरकताच तिघांनी त्यांचे पाणी प्यायचे काचेचे पेले पळवले. कुणाचा कोणता ते कळावं म्हणून लंबूने बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या. काकांच्या टेबलावर काळी पूड होती, मऊ कुंचला होता.

"हळू रे लंब्या! ठसा उठवायचाय, केर नाही काढायचा!"

भिंगाखाली फोटोच्या काचेवरच्या ठशात, खालच्या ओठावर एक रेघ दिसली. टोकाला दोन फाटे आणि मधोमध आडवा चरा. आईच्या पेल्यावर तसलं काहीच नव्हतं. टकळीने दुसरा पेला फिरवला आणि तिचा हात थबकला. तोच फाटा! तोच चरा!

"बाबा..." टकळी चक्क हळू बोलली.

डोळे चोळत आलेल्या काकांनी भिंगातून दोनदा पाहिलं. "तीस वर्षं ठसे तपासले आणि आज नापास झालो! नुसत्या नाजूकपणावरून बाई की पुरुष असं छातीठोक सांगायचंच नसतं. शाबास रे पोरांनो, चांगले कान उपटलेत माझे!"

संध्याकाळी टकळीने फ्रेम बाबांच्या पुढ्यात ठेवली. काळ्या पुडीत उमटलेले ओठ पाहून बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.

"बाबा, रागवा हवं तर. पण उद्या पहिल्या गाडीने मी ताईला आणायला जाणार! काका सोबत येताहेत. आणि आई, या काचेला फडकं लावायचं नाही. ती मी अशीच घेऊन जाणार आहे!"