ब्रेकवरचा पाय

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटं भरायची आणि वांगणीच्या नव्या बिल्डिंगांत टाकायची, हा माझा धंदा. पिकअप सतरा वर्षांची. माझ्यासारखीच, कुरकुरते पण चालते. त्या दिवशी बदलापूरच्या अलीकडे उतारावर ब्रेक दाबला तर पेडल थेट खाली गेलं. हँडब्रेक ओढून कशीबशी थांबवली.

कैलास मेकॅनिकनं चाकं खोलून बघितली. "काका, मास्टर सिलेंडर गेलाय, चाकांत गळती आहे. सगळं नवीन घालायचं तर अठरा हजार."

"सोन्याचे बसवतोस काय रे?"

"मग भंगारात द्या गाडी."

"तुझं गॅरेज दे भंगारात. हवा धरलीय नुसती. घरी काढतो."

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, चाकामागचा निपल पान्यानं ढिला करायला. दुसरं वर, पेडल मारायला. वर माझी बायको अंजनी बसायची. मी खालून ओरडायचो, "मार!" ती तीनदा मारायची. "धर!" म्हटलं की दाबून धरायची. मी निपल उघडायचो, तेलाबरोबर हवा फसफसत निघायची. निपल परत आवळला की म्हणायचं, "सोड!" त्याआधी पाय उचलला तर हवा पुन्हा आत. एकदा तिनं उचलला होता, तेव्हा मी नको ते बोललो. त्यानंतर कधी उचलला नाही. वरनं बोंबलायची मात्र, "अहो, गुडघा गेला माझा! पाय थरथरतोय, सोड म्हणा की!"

दोन वर्षं झाली ती जाऊन.

म्हणून एकट्यानंच पेडल आणि सीटमध्ये दांडकं अडकवलं आणि खाली शिरलो. दिवेलागणीची वेळ, लाईट गेलेली. मातीला जुन्या तेलाचा वास. पाना लावतोय तोच वर दांडकं निसटून पडलं. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "मार."

छस्... छस्... छस्...

"धर..." म्हटलं कसंबसं. निपल उघडला. तेल फसफसत आलं. आवळला.

"सोड..."

टक्. पेडल वर आलं.

बाहेर येऊन बघतो तर दोन्ही दारं बंद. सीटवर कोणी नाही. केबिनमध्ये मशेरीचा वास, आत्ता तव्यावर भाजल्यासारखा. ती भाजायची तसा.

ब्रेक दगडासारखा कडक झाला. भ्यालो, खोटं कशाला बोलू. दोन दिवस गाडीजवळ गेलो नाही. मग परत हवा कधी धरते त्याची वाट बघत बसलो. धरेना. शेवटी मीच निपल ढिला केला.

असं सहा वेळा केलं. खालून मी बोलायचो, तिनं लावलेल्या शेवग्याचं, माझ्या खोकल्याचं... वर शांत. पण पाय यायचा.

मग मागच्या आठवड्यात अंबरनाथला ब्रेक उशिरा लागला, एका म्हातारीच्या भाजीच्या टोपलीला बंपर टेकला. टोपलीला, तिला नाही. कैलासनं निपल बघितला आणि माझ्यावर ओरडला, "हा कोणीतरी मुद्दाम ढिला करतंय, काका. माणूस मारणार एक दिवस!"

मान खाली घालून अठरा हजार त्याच्या हातावर ठेवले. उद्या नवीन सामान घेऊन ये म्हटलं.

त्या संध्याकाळी शेवटचं खाली शिरलो. "अंजने, उद्यापासून तुझं काम नाही."

छस्... छस्... छस्...

"धर."

निपल उघडला, आवळला. आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना. तसाच सरपटत बाहेर आलो, घरात गेलो. गाडीचे मागचे लाल दिवे पेटलेले होते, पेडल दाबलं की पेटतात तसे.

सकाळी कैलास आला. दोन्ही हातांनी पेडल वर ओढलं, हलेना. हसला. "काका, कोण बसलंय इथं?" मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसायचा थांबला. दिवे तरी विझू देत म्हणून बॅटरी काढली, सामानाची पिशवी ओट्यावर टाकली आणि बॅटरी घेऊन गेला. परत फिरकला नाही.

आज पाचवा दिवस. एक शब्द म्हणायचा, बस. रोज गाडीजवळ जातो, तोंड उघडतो...

बॅटरी नाही, तरी ते दोन दिवे जळतायत. कालपर्यंत एकसारखे जळत होते. आज संध्याकाळपासून थरथरतायत.