पिवळ्या बाटलीची चव

“पाकाचं माप कुणी घेतलं होतं?”

सासऱ्यांनी विचारलं तेव्हा अंगणात परत आलेल्या बाटल्यांचे क्रेट रचलेले होते, कामगार माना खाली घालून उभे होते आणि दुकानदार तोंड वाकडं करून सांगत होता, की गिऱ्हाईक विचारतंय, हे अननसाचं पेय आहे की साखरेचं पाणी?

माप सासऱ्यांचंच होतं. चाखून चाखून ‘अजून घाल, अजून घाल’ असं तेच म्हणाले होते. सुनेचा नवरा तोंड उघडणार, इतक्यात ती पुढे झाली.

“माझं चुकलं, बाबा.”

“इतकी वर्षं झाली आणि तुला साखर कळत नाही? तुझ्या सासूने हाताला धरून शिकवलं तुला. तिच्या नावाला बट्टा लावलास. आजपासून मिसळणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही.”

तिने मान हलवली. डोळे भरून आले होते, ते तिने क्रेट उचलायच्या निमित्ताने लपवले.

त्या पिवळ्या बाटलीवाचून गावाचं पान हलत नव्हतं. तापातून उठलेल्या माणसाच्या ओठांना पहिली तीच लागायची, निकाल लागला की तीच उघडायची, आणि परदेशी गेलेली माणसं ती कपड्यांत गुंडाळून न्यायची, तिकडे कुणी ‘तुमचं गाव कसं’ विचारलं की आधी बाटली पुढे करायची. ती चव सासू-सासऱ्यांनी मिळून बसवली होती. सासू गेली आणि तिच्या मागोमाग सासऱ्यांच्या जिभेची चव गेली... भाजीत मीठ नसलं तरी ते मुकाट्याने जेवत. ताट सून वाढायची, म्हणून हे तिला कळलं होतं आणि तिने नवऱ्याला सांगितलं होतं.

“सांगून टाक ना त्यांना,” गाडीत क्रेट चढवताना नवरा चिडून म्हणाला. “फुकट बोलणी कशाला खातेस?”

“आई गेल्यापासून ते सकाळी उठतात ते मिश्रण चाखायच्या त्या एका घोटासाठी. तोही काढून घेतला तर उठतील कशाला?”

“आणि धंदा बुडाला म्हणजे?”

तिने पुढचा क्रेट उचलून गाडीत सरकवला.

पुढचा माल सासऱ्यांनी एकट्याने मिसळला. तोही परत आला. या वेळी ओरडायला समोर सून नव्हती.

दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पिवळा पेला होता.

“चाखून बघ. जमलंय का?”

तिने घोट घेतला. गोड, मग आंबट... आणि पुढे काहीच नाही. अननसाचा मागमूसही नव्हता. खरं बोलावं तर हा माणूस इथेच मोडेल, आणि खोटं बोलावं तर घर बुडेल. तिने त्यांच्या थकल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“आईंच्या वेळेसारखं झालंय, बाबा.”

ते हळूच स्टुलावर बसले.

“यात अननसाचा अर्क घातलाच नाही मी.”

तिने पेला ओट्यावर ठेवला.

“अर्काचा एक आणि बिनअर्काचा एक, असे दोन पेले प्यालो. मला दोन्ही सारखेच. तुला कळणार हे ठाऊक होतं... तू काय बोलतेस ते बघायचं होतं.” त्यांचा आवाज फाटला. “चारचौघांत मी तुला वाट्टेल ते बोललो, आणि तू अजून मला झाकतेयस?”

“आईंनीही झाकलं असतं.”

“छे. ती पेला माझ्या डोक्यावर ओतून मोकळी झाली असती.”

दोघं रडता रडता हसली.

मग त्यांनी कामगारांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं, “माप माझं चुकलं होतं. सूनबाईचं नव्हे.” एवढं बोलून ते तिला मिसळणीच्या खोलीपाशी घेऊन गेले आणि स्वतः उंबऱ्याबाहेर थांबले.

“तू चाख, तूच मिसळ. आता माझं इथे काय काम?”

“मला चव कळते, बाबा. ती सुधारायला काय घालायचं, ते कुठे कळतं? ते ठरवायचात तुम्ही आणि आई.”

तिने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. नव्या मिश्रणाचा घोट घेऊन तिने डोळे मिटले.

“आधी गोड लागतं... आंबट येतं, पण उशिरा. अननस आहे, पण दाराआड उभा राहिल्यासारखा.”

ते मान कलती करून ऐकत होते, शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारावी तसे.

“साखर नको. लिंबूसत्त्व चिमूटभर घाल,” ते म्हणाले. “आता पुन्हा घोट घे आणि सावकाश सांग. घाई करू नकोस, पोरी... मला चाखू दे.”